सातारा ३७ दिवस, पुणे ४११ दिवस

साताऱ्याची २०१९ ची लोकसभा पोटनिवडणूक म्हटलं की लोकांना पाऊस आठवतो. १८ ऑक्टोबरची ती सभा, भर पावसात बोलणारे शरद पवार, लोकसभेचा उमेदवार निवडताना चूक झाली ही त्यांची कबुली. या निवडणुकीवर पुढे जे लिहिलं-बोललं गेलं ते बहुतेक त्या पावसाभोवतीच फिरत राहिलं. पण तिच्यातली जपून ठेवावी अशी गोष्ट कॅलेंडरात आहे, आणि ती गोष्ट आपल्या शेजारच्या पुण्याला चार वर्षांनी मिळाली नाही. सातारा-सांगलीची किती तरी घरं शिक्षणा-नोकरीच्या निमित्ताने पुण्याचे मतदार झाली आहेत. म्हणून हा प्रश्न घाटापलीकडचा म्हणून सोडून देता येत नाही.

आधी साताऱ्याच्या तारखा बघू. २३ मे २०१९ ला लोकसभेचा निकाल लागला. उदयनराजे भोसले राष्ट्रवादीकडून तिसऱ्यांदा निवडून आले. १४ सप्टेंबरला त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला आणि भाजपमध्ये प्रवेश केला. निकालाला चार महिनेही झाले नव्हते. २१ सप्टेंबरला महाराष्ट्र विधानसभेच्या तारखा जाहीर झाल्या तेव्हा साताऱ्याची लोकसभा त्यात नव्हती. तीन दिवसांनी तीही जाहीर झाली. २७ सप्टेंबरला अधिसूचना, ४ ऑक्टोबर अर्जाची शेवटची तारीख, ५ ला छाननी, ७ ला माघार, २१ ला मतदान, २४ ला मोजणी. जागा रिकामी झाल्यापासून ३७ व्या दिवशी सातारकर मतदान केंद्रावर उभा होता.

या तारखा कुणाच्या मनाने ठरत नाहीत. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३० मध्ये त्यांचं माप दिलेलं आहे. अधिसूचनेनंतरचा सातवा दिवस अर्जांचा शेवटचा, त्याच्या दुसऱ्या दिवशी छाननी, छाननीनंतरचा दुसरा दिवस माघारीचा, आणि माघारीनंतर मतदानापर्यंत किमान १४ दिवस. मध्ये सार्वजनिक सुट्टी आली तर तेवढी तारीख पुढे सरकते. हे १४ दिवस १९९६ च्या दुरुस्तीनंतरचे, त्याआधी ते २० होते. बेरीज केली तर अधिसूचनेपासून मतदानापर्यंत कमीत कमी २४ दिवस लागतात, आणि साताऱ्यात बरोबर २४ च लागले. ३७ मधून २४ गेले की उरतात १३. राजीनामा अध्यक्षांनी स्वीकारणं, जागा रिकामी झाल्याची सूचना निघणं, निवडणूक आयोगाने तारीख ठरवणं आणि जिल्ह्याने यंत्रं-माणसं जुळवणं हे सगळं त्या १३ दिवसांत झालं.

शिवाय ही साधी पोटनिवडणूक नव्हती. वाई, कोरेगाव, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण आणि सातारा या सहाही विधानसभा मतदारसंघांत त्याच दिवशी, त्याच खोल्यांत आमदारकीचंही मतदान होतं. निवडणुकीच्या कामावर गेलेल्या शिक्षकाला, तलाठ्याला विचारा, याचा अर्थ काय होतो ते तो सांगेल. एका केंद्रावर दोन कंट्रोल युनिट, दोन बॅलेट युनिट, दोन व्हीव्हीपॅट आणि पुठ्ठ्याचे दोन आडोसे. लोकसभेच्या यंत्रावरची मतपत्रिका पांढरी, विधानसभेची गुलाबी. मतदार एकदाच यादीत सापडतो, बोटाला शाई एकदाच लागते, पण बटण दोनदा दाबायचं असतं. पहिल्या आडोशात बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते, लांब बीप वाजतो, आणि बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना वाटतं झालं मतदान. ते दाराकडे वळतात. तिकडे दुसऱ्या यंत्रावर मत देण्यासाठी बटण दिलेलं असतं, कंट्रोल युनिटवर ‘बिझी’चा लाल दिवा लागलेला असतो. मतदाराला हाक मारून परत आणलं नाही तर नोंदवहीतली संख्या आणि त्या यंत्रातली मतं जुळत नाहीत, आणि संध्याकाळी ‘१७ सी’ हा मतांच्या हिशेबाचा नमुना भरताना केंद्राध्यक्षाला घाम फुटतो.

पहाटेची चूक याहून महागात पडते. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, घ्यायचा, निदान ५० मतं टाकायची, मग यंत्र बंद करून निकाल बघायचा आणि ती मतं पुसायची: क्लोज, रिझल्ट, क्लिअर. दोन यंत्रं म्हणजे ही सगळी कवायत दोनदा. व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या मॉकच्या चिठ्ठ्या काढून काळ्या लिफाफ्यात सील करायच्या, त्याही दोन्हीकडच्या. एका यंत्राची मतं पुसली आणि घाईत दुसऱ्याची राहिली, तर मोजणीच्या दिवशी ते केंद्र बाजूला ठेवावं लागतं. यंत्र कुठे ठेवलंय यालाही महत्त्व आहे. मे २०१८ मध्ये भंडारा-गोंदियाच्या लोकसभा पोटनिवडणुकीत भर उन्हाळ्यात व्हीव्हीपॅट इतके बिघडले की ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. तेव्हापासून यंत्र खिडकीसमोर किंवा थेट दिव्याखाली ठेवू नका, हे प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा सांगितलं जातं, कारण आतल्या सेन्सरला तीव्र उजेड सोसत नाही.

हा तपशील एवढ्यासाठी सांगितला की पोटनिवडणूक लांबवण्याची जी कारणं दिली जातात त्यांत यंत्रणेवरचा ताण हे कारण नेहमी पुढे असतं. ताण खरा आहे. पण साताऱ्याच्या यंत्रणेने तो दुप्पट करून ३७ दिवसांत पेलला.

आणि मतदाराने? त्यानेही दोन बटणांचा गोंधळ केला नाही. लोकसभेला राष्ट्रवादीच्या श्रीनिवास पाटील यांना ६,३६,६२० मतं मिळाली, उदयनराजेंना ५,४८,९०३. फरक ८७,७१७ चा. त्याच दिवशी, त्याच खोल्यांत विधानसभेला सातारा, कोरेगाव आणि पाटण या तीन ठिकाणी युतीचे उमेदवार निवडून आले. पांढऱ्या मतपत्रिकेवर एक कौल, गुलाबी मतपत्रिकेवर दुसरा. नांदेडने २०२४ मध्ये याहून टोकाचं करून दाखवलं. तिथले काँग्रेसचे खासदार वसंतराव चव्हाण यांचं २६ ऑगस्टला निधन झालं, २० नोव्हेंबरला विधानसभेबरोबरच लोकसभेची पोटनिवडणूक झाली, म्हणजे ८६ दिवसांत. लोकसभेखालच्या सहाही विधानसभा महायुतीने जिंकल्या आणि लोकसभा काँग्रेसच्या रवींद्र चव्हाणांनी १,४५७ मतांनी. सगळं एकत्र घेतलं की लोक एकाच लाटेत वाहून जातात, हे म्हणणं या दोन निकालांपुढे टिकत नाही.

आता पुणे. तिथले खासदार गिरीश बापट यांचं २९ मार्च २०२३ रोजी निधन झालं. सतराव्या लोकसभेची पहिली बैठक १७ जून २०१९ ला भरली होती, म्हणजे तिची मुदत १६ जून २०२४ पर्यंत. जागा रिकामी झाली तेव्हा जवळजवळ साडेचौदा महिने शिल्लक होते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १५१-अ सांगतं की रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची. दोनच अपवाद आहेत. पहिला, त्या सदस्याची उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर. दुसरा, सहा महिन्यांत निवडणूक घेणं कठीण आहे असं आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित केलं तर. पुण्याला पहिला अपवाद लागूच नव्हता. आयोगाने दुसरा वापरला. कारण काय? यंत्रणा इतर निवडणुकांच्या आणि २०२४ च्या तयारीत गुंतली आहे, आणि निवडून येणाऱ्याला मोजकेच महिने मिळतील.

हे कारण पुण्याच्या बाबतीत का पटत नाही, ते पुण्यातच महिनाभर आधी दिसलं होतं. कसबा पेठेच्या आमदार मुक्ता टिळक २२ डिसेंबर २०२२ ला गेल्या. २६ फेब्रुवारी २०२३ ला तिथे पोटनिवडणूक झाली, ६६ दिवसांत. परीक्षांमुळे २७ ची तारीख २६ करण्याची काळजीसुद्धा घेतली गेली. त्याच दिवशी चिंचवडलाही मतदान झालं, तिथे तर ५४ दिवसांत. कसबा हा पुणे लोकसभेच्या सहा भागांपैकीच एक. तेच जिल्हाधिकारी कार्यालय, तेच कर्मचारी. कसब्याच्या वेगाने गेलं असतं तर जूनच्या सुरुवातीला पुण्याला खासदार मिळाला असता आणि त्याच्यापुढे पूर्ण एक वर्ष असतं. ‘मोजकेच महिने’ उरले ते उशीर केल्यामुळे. आपणच वेळ घालवायची आणि मग वेळ उरली नाही म्हणून काम नाकारायचं, असं तहसील कचेरीतला कारकून वागला तर आपण ऐकून घेणार नाही.

चंद्रपूरचंही तेच झालं. तिथले खासदार बाळू धानोरकर ३० मे २०२३ ला गेले. लोकसभेची मुदत तेव्हा एक वर्ष आणि सतरा दिवस उरली होती. तिथेही पोटनिवडणूक झाली नाही. पुण्याची जागा भाजपची होती, चंद्रपूरची काँग्रेसची, तीही २०१९ मध्ये काँग्रेसने महाराष्ट्रात जिंकलेली एकमेव. त्यामुळे हा विषय एका पक्षाच्या नफ्यातोट्याचा करून बघितला तर हाती काही लागणार नाही.

पुण्याच्या एका मतदाराने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. १३ डिसेंबर २०२३ ला न्यायालयाने आयोगाचं प्रमाणपत्र रद्द करून तातडीने पोटनिवडणूक घ्यायला सांगितलं. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. पुणेकरांनी मत दिलं ते थेट १३ मे २०२४ ला, निकाल ४ जूनला. मोजा: मतदानापर्यंत ४११ दिवस, निकालापर्यंत ४३३ दिवस.

त्या ४३३ दिवसांत लोकसभा रिकामी बसली नव्हती. ऑगस्ट २०२३ मध्ये अविश्वास ठरावावर चर्चा झाली. २० सप्टेंबरला महिला आरक्षणाचं विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं. डिसेंबरमध्ये भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी नवे कायदे आणणाऱ्या तिन्ही विधेयकांवर मतदान झालं. या कुठल्याच मतदानात पुण्याचं आणि चंद्रपूरचं मत नव्हतं. पुणे लोकसभेत वीस लाखांच्या आसपास मतदार आहेत. मुलींच्या शाळेसाठी सावित्रीबाईंची आठवण काढणाऱ्या शहराला महिला आरक्षणाच्या मतदानात आवाज नसावा, ही गोष्ट कायद्याच्या भाषेत कुठेही नोंदली जात नाही, पण ती फार लागते.

खासदार नसला की रोजच्या कामातही काय अडतं, याची कल्पना बाहेर कमी असते. स्थानिक विकास निधीचे वर्षाला ५ कोटी असतात, पण कामं सुचवण्याचा अधिकार खासदाराचाच असल्यामुळे जागा रिकामी असताना नवीन काम सुचवायला कुणी नसतं. मंजूर कामं जिल्हा प्रशासन पुढे नेतं, नव्या अंगणवाडीचं, नव्या सभागृहाचं पत्र मात्र कुणाच्या सहीने जाणार? केंद्राच्या योजनांवर जिल्ह्यात देखरेख करणाऱ्या ‘दिशा’ समितीचं अध्यक्षपद खासदाराकडे असतं. रेल्वे, विमानतळ, राष्ट्रीय महामार्ग हे विषय केंद्राचे, त्यावर लोकसभेत लेखी प्रश्न विचारायचा तर खासदारच लागतो. आमदार कितीही धडपडला तरी विधानसभेत त्याला रेल्वेमंत्र्याकडून उत्तर मिळत नाही.

रिकामी जागा ताबडतोब भरायची ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि १९९६ पर्यंत तर कायद्यात सहा महिन्यांची मुदतही नव्हती. १९६७ ची ईशान्य मुंबईची निवडणूक घ्या. स. गो. बर्वे यांनी व्ही. के. कृष्ण मेनन यांना हरवलं आणि निकालानंतर काही दिवसांतच, ६ मार्चला, बर्वे गेले. त्याच वर्षी पोटनिवडणूक झाली. बर्व्यांच्या भगिनी तारा सप्रे उभ्या राहिल्या, मेनन पुन्हा उतरले आणि पुन्हा हरले. मुंबईसारख्या शहरात, हाताने मोजायच्या मतपत्रिकांवर, सार्वत्रिक निवडणुकीची धूळ खाली बसायच्या आत ते झालं. सांगलीने दोन प्रकार पाहिले. १९८३ मध्ये वसंतदादा मुख्यमंत्री झाले म्हणून लोकसभेची जागा सुटली आणि शालिनीताई निवडून आल्या. २००६ मध्ये प्रकाशबापूंच्या निधनानंतर प्रतीक पाटील निवडून आले.

इथे एक आक्षेप ठरलेला असतो: पोटनिवडणूक म्हणजे सहानुभूतीची, घरातल्याच माणसाला जागा देण्याची सोय. वरच्या उदाहरणांत ते दिसतंही. पण २६ फेब्रुवारी २०२३ ला चिंचवडने दिवंगत आमदारांच्या पत्नीला निवडून दिलं आणि कसब्याने वर्षानुवर्षं भाजपकडे असलेली जागा काँग्रेसला दिली. काय द्यायचं ते मतदार ठरवतो. त्याला विचारायचंच नाही, हा घराणेशाहीवरचा उपाय होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त राग आणणारा आहे, आणि साताऱ्यात तो २०१९ मध्ये सगळ्यांच्या तोंडी होता. स्वतःहून राजीनामा देऊन पक्ष बदलणाऱ्यामुळे निवडणूक लादली जाते, तर खर्च त्याच्याकडूनच वसूल करा. हा राग समजतो. तरीही ही सूचना मला मान्य नाही. लोकसभेच्या निवडणुकीचा खर्च केंद्राचा असतो, विधानसभेचा राज्याचा, दोन्ही एकत्र असल्या की वाटून. तो राजीनामा देणाऱ्यावर टाकला तर पैसेवाला सहज भरेल, आणि पक्षाशी खरोखर न पटलेला पण खिशाने कमकुवत सदस्य जागेवर चिकटून बसेल. पक्षांतरबंदी कायदा आल्यापासून राजीनामा देऊन पुन्हा लोकांपुढे जाणं हाच त्यातल्या त्यात सरळ मार्ग उरला आहे. उदयनराजेंनी तो घेतला, साताऱ्याने त्यांना ८७,७१७ मतांनी उत्तर दिलं, आणि २०२४ मध्ये त्याच साताऱ्याने त्यांना भाजपकडून निवडूनही दिलं. हा हिशेब ज्याने करायचा त्याने, म्हणजे मतदाराने, केला. दंडाच्या पावतीने तो झाला नसता.

मग दुरुस्ती कुठे हवी? कलम १५१-अ च्या दुसऱ्या अपवादात. ‘कठीण’ हा एकच शब्द तिथे आहे आणि त्याला काठ नाही. पूर, दंगल, साथीचा रोग, एवढंच त्यात मोडावं असं लिहून टाकावं. २०२० मध्ये कोविडमुळे पोटनिवडणुका पुढे गेल्या त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. दुसऱ्या निवडणुकीची तयारी हे कारण त्यात बसू नये, कारण निवडणुका घेणं हेच आयोगाचं काम आहे. प्रमाणपत्र दिलंच तर ते कारणांसह त्याच दिवशी प्रसिद्ध व्हावं, म्हणजे मतदाराला न्यायालयात जायला सहा महिने उलटून जाण्याची वाट बघावी लागणार नाही. पुण्याचा निकाल डिसेंबरात आला, तोवर उपाय करण्याची वेळच निघून गेली होती.

आणि वर्ष कुठून मोजायचं तेही कायद्यातच स्पष्ट व्हायला हवं. २०१८ मध्ये भंडारा-गोंदियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते जागा रिकामी झाल्या दिवसापासून मोजायला सांगितलं. तरी मार्च २०२४ मध्ये अकोला पश्चिम विधानसभेची जाहीर झालेली पोटनिवडणूक नागपूर खंडपीठाने रद्द केली, कारण निवडून येणाऱ्याच्या वाट्याला वर्षापेक्षा कमी काळ येत होता. पहिली मोजणी धरली तर उशीर करून आयोगाला काही मिळत नाही. दुसरी धरली तर जितका उशीर तितकी सुटका. म्हणून पहिलीच हवी, आणि ती कलमाच्या मजकुरातच हवी.

ही दुरुस्ती दोन-चार वाक्यांची आहे. तिच्यासाठी घटना बदलावी लागत नाही, साध्या बहुमताचं विधेयक पुरतं. सरकारने आणलं नाही तर कुठलाही खासदार ते खासगी विधेयक म्हणून आणू शकतो: एक महिन्याची पूर्वसूचना, विधेयकाचा मसुदा, उद्देश आणि कारणांचं निवेदन, आणि शुक्रवारचा अडीच तासांचा वेळ. साताऱ्याचे खासदार आज उदयनराजे आहेत, ज्यांच्या राजीनाम्यानंतर ३७ दिवसांत मतदान झालं. सांगलीचे विशाल पाटील आहेत, ज्यांच्या घराने १९८३ आणि २००६ या दोन्ही पोटनिवडणुका लढवल्या. या विषयावर बोलायला या दोघांइतका अधिकार महाराष्ट्रातून लोकसभेत बसलेल्या फार थोड्या लोकांकडे आहे. पुढच्या अधिवेशनाआधी आपापल्या खासदाराला पत्र पाठवायचं असेल तर त्यात ‘कलम १५१-अ, परंतुकातला खंड (ब)’, म्हणजे वरचा दुसरा अपवाद, एवढं नेमकं लिहा आणि पुण्याच्या तारखा जोडा.